गाडीची व्हायवा

मागच्या वर्षी कॉलेजात आलो होतो तेव्हा सवयीने पाय वर्कशॉपमागच्या शेडकडे वळले. रात्रीचे साडेदहा वाजले होते, ट्यूबलाइट लुकलुकत होती आणि आत ‘बाहा’ टीमची पोरं नव्या बगीच्या चॅसिसला घेरून बसली होती. तोच ग्राइंडरचा वास, तोच गार झालेला कटिंग चहा! गप्पा रंगल्या आणि टी.ई.च्या एका मुलाने तो ठरलेला प्रश्न विचारलाच : “दादा, ही गाडी पास करून रस्त्यावर चालवता येईल का हो?”

मी म्हटलं, “आधी पिथमपूरला पास करा, मग रस्त्याचं बघू.” सगळे हसले. पण परतीच्या बसमध्ये तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण आमच्या बॅचने तो प्रश्न कुणाला विचारलाच नव्हता. आम्ही थेट उत्तर देऊन मोकळे झालो होतो, आणि त्या उत्तराची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली. पुढे काही वर्षांनी इंग्लंडमध्ये नोकरीला असताना घरी बांधलेली एक बगी खरोखर रस्त्यासाठी पास करून घेण्यात माझाही हात लागला. तेव्हा कुठे त्या प्रश्नाचा अर्थ कळला. मासिकाच्या संपादकांनी लेख मागितला, म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

आधी आमचा पराक्रम

साल २०११. बाहा एसएई इंडिया ही स्पर्धा २००७ मध्ये इंदूरजवळ पिथमपूरला सुरू झाली, त्यामुळे आमच्या वेळी तिची नवलाई अजून ओसरली नव्हती. एक छोटंसं इंजिन, पाइप वाकवून वेल्डिंग केलेला रोल केज आणि पंचवीस जणांची जागरणं. रोल केजवर आमचा भारी जीव. मटेरिअल टेस्टिंग, वेल्डिंगचे नमुने, सगळं रूलबुकनुसार. गाडी उलटली तरी ड्रायव्हरला खरचटणार नाही, अशी आमची खात्री होती.

एका संध्याकाळी टेस्टिंग चांगलं झालं. कुणीतरी म्हणालं, “चल, टपरीपर्यंत जाऊन येऊ.” गेटबाहेर जेमतेम अर्धा किलोमीटर. वॉचमनलाही कौतुक, त्याने गेट उघडलं. आणि वळणावर समोरून सायकलवर भाजीची पिशवी घेऊन आमच्या मेसचे काका आले. धडक वगैरे काही झाली नाही. आम्ही फक्त जवळून गेलो. पण पुढच्या चाकाच्या खालच्या आर्मचा बोल्ट नटाच्या बाहेर चांगला दोन इंच आलेला होता. हव्या त्या लांबीचा बोल्ट दुकानात मिळाला नाही, म्हणून लांब घातला, नंतर कापू म्हटलं, राहून गेलं. त्या बोल्टाच्या टोकाने काकांची पोटरी फाटली. सात टाके पडले.

वेल्डिंग शॉपच्या मामांनी आधी दोनदा सांगितलं होतं, “पोरांनो, टोकं कापा, कानस मारा.” आम्ही म्हणालो, “मामा, त्याने मार्क मिळत नाहीत.”

काकांनी रेक्टरांना “सायकलवरून पडलो” असं सांगितलं. दवाखान्याचे पैसे आम्ही वर्गणी काढून दिले, ते त्यांनी मोठ्या मुश्किलीने घेतले. दुसऱ्या दिवशी लंगडत आम्हाला पोळ्या वाढत होते. त्या दिवशी मेसमध्ये आमच्या टीमपैकी कुणी वर बघून जेवलं नाही. आणि हेही सांगतो, ड्रायव्हरला त्या दिवशी साधा धक्कासुद्धा जाणवला नव्हता. रोल केज अगदी उत्तम होता!

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

त्या पोराच्या प्रश्नाचं सरळ उत्तर : नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही. नोंदणी हवी तर मंजुरी हवी. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ नुसार उत्पादकाने आपल्या वाहनाचा नमुना ठरवून दिलेल्या संस्थेकडून तपासून घ्यायचा असतो. पुण्याची एआरएआय ही त्यातलीच एक. ही सगळी व्यवस्था हजारो गाड्या बनवणाऱ्या कंपनीसाठी आहे. “मी शेडमध्ये एकच बनवली आहे, जरा बघून घ्या” म्हणणाऱ्या हौशी माणसासाठी त्यात सोपी वाट नाही. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही, आणि विमा नाही म्हणजे सात टाक्यांच्या जागी काही मोठं झालं असतं तर ते वर्गणीतून भागलं नसतं.

मग अशी वाट कुठेच नाही का? आहे. इंग्लंडमध्ये आहे, आणि ती मी जवळून पाहिली.

इंग्लंडची पद्धत

तिथे किट कार आणि घरी गाड्या बांधण्याची परंपरा जुनी आहे. गॅरेजमध्ये दोन-तीन वर्षं खपून आपली गाडी बनवणारी माणसं गावोगाव सापडतात. त्यांच्यासाठी १९९८ मध्ये ‘एसव्हीए’ म्हणजे सिंगल व्हेइकल अप्रूव्हल ही तपासणी आली. २००९ मध्ये तिच्या जागी अधिक कडक ‘आयव्हीए’ आली, इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल. एकेका गाडीची एकेकटी तपासणी. मी तिला गाडीची व्हायवाच म्हणतो. नावातही एकाच अक्षराचा फरक आहे, आणि घामही तेवढाच फुटतो!

आमच्या फॅक्टरीत एक रिटायरमेंटला आलेले फिटर होते. मी मनातल्या मनात त्यांना बुवा म्हणायचो. बुवांना शेतातल्या चिखलात चालेल आणि दुकानात ब्रेड आणायलाही नेता येईल अशी बगी बांधायची होती. मी बाहाचे फोटो दाखवले आणि शनिवार-रविवारचा हक्काचा हेल्पर झालो. पहिल्याच दिवशी त्यांनी पाइप कापायला घेतला नाही. आयव्हीएचं मॅन्युअल छापून आणलं, चांगलं जाडजूड, आणि म्हणाले, “आधी हे वाच. गाडी नंतर.” आपल्याकडे जर्नल शेवटच्या आठवड्यात लिहायची पद्धत. मला ते फारच विचित्र वाटलं.

बगीची रचना साधी होती. एक जुनी छोटी, पुढच्या चाकांवर चालणारी कार घेतली. तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच असतात. तो अख्खा गठ्ठा उचलून ड्रायव्हरच्या मागे बसवला की मागच्या चाकांवर चालणारी बगी तयार. ब्रेक, स्टिअरिंग कॉलम, पेडल, हँडब्रेक, सगळं त्याच कारमधलं. चॅसिस मात्र आम्ही पाइपांची बनवली. पहिल्या दिवसापासून प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले, कारण गाडी हौशी माणसानेच बांधली आहे, धंद्यासाठी नाही, हे दाखवावं लागतं. इंजिन कोणत्या साली बनलं त्याचं पत्रही आधीच मिळवलं. धुराची मर्यादा इंजिनाच्या वयावर ठरते, आणि वय सिद्ध करण्याची जबाबदारी बांधणाऱ्याची.

परीक्षेचा सिलॅबस

२०१८ च्या मे महिन्यात गाडी ट्रेलरवर घालून तपासणी केंद्रावर नेली. फी तेव्हा ४५० पौंड, फेरतपासणीला वेगळे ९०. सकाळी नऊला परीक्षक साहेब टॉर्च, आरसा आणि मोजपट्टी घेऊन गाडीखाली शिरले ते दुपारी एक वाजता मोकळे झाले. त्यांनी काय काय पाहिलं ते थोडक्यात सांगतो. ऑटोमोबाइलवाल्यांनी लिहून घ्यायला हरकत नाही.

१) दिवे : नुसते लागून चालत नाही, जागेवर हवेत. इंडिकेटर गाडीच्या बाहेरच्या कडेपासून ४०० मिलिमीटरच्या आत, दोघांमध्ये किमान ६०० मिलिमीटर अंतर, जमिनीपासून किमान ३५० मिलिमीटर उंच. डिप्ड हेडलाइट ५०० ते १२०० मिलिमीटर उंचीत. इंडिकेटर बाहेरच्या बाजूने ८० अंशांपर्यंत आणि आतल्या बाजूने ४५ अंशांपर्यंत दिसला पाहिजे. मागचा फॉग लाइट सक्तीचा, आणि तो ब्रेक लाइटपासून १०० मिलिमीटरपेक्षा जास्त दूर. का? धुक्यात सतत जळणाऱ्या लाल दिव्याला चिकटून ब्रेक लाइट लागला तर मागच्याला कळणारच नाही.

२) मडगार्ड : बगीची चाकं उघडी असली की फोटोत छान दिसतात. पण चाकाच्या मध्यातून उभी रेघ धरली, तर तिच्या पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश इतका टायरचा भाग रुंदीभर झाकलेला हवा. उडणारा दगड मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर जाऊ नये म्हणून. टायरही रस्त्यासाठी मान्यता असलेलेच हवेत. ‘रस्त्यावर वापरू नये’ असा शिक्का असलेले चिखलाचे टायर बाद.

३) ब्रेक : दोन स्वतंत्र सर्किट, म्हणजे एक फुटलं तरी दुसरं चालेल. हँडब्रेक यांत्रिक. रोलरवर पुढची चाकं मागच्यांच्या आधी लॉक झाली पाहिजेत. मागची आधी लॉक झाली तर गाडी गरकन फिरते. बाहात आपण चारही चाकं लॉक करून दाखवतो आणि टाळ्या घेतो. इथे कुठलं आधी, हा प्रश्न आहे. पुढे-मागे ब्रेकचं प्रमाण बदलणारा बायस बार असेल तर तो कायमचा पक्का करावा लागतो. ड्रायव्हरने लहर लागली म्हणून फिरवायची ती वस्तू नाही. ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या जास्तीत जास्त दर ३०० मिलिमीटरवर क्लिपने बांधलेल्या हव्यात.

४) स्पीडोमीटर : खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचा नाही, एक मैलानेसुद्धा! जास्त दाखवला तर चालतो, पण मर्यादेत : खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक सव्वासहा मैल. म्हणजे खरा वेग ताशी ५० मैल असेल तर काटा ५० ते ६१.२५ च्या मध्ये हवा. चूक करायचीच तर सावधपणाच्या बाजूला करा, असा त्याचा अर्थ.

५) आवाज : कमाल शक्तीच्या आरपीएमच्या तीन चतुर्थांशावर इंजिन धरायचं. आमची कमाल शक्ती ६००० ला होती, म्हणून ४५०० वर. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांत माइक. मर्यादा ९९ डेसिबल.

६) स्टिअरिंग : धडकेत कॉलम बरछीसारखा छातीत घुसता कामा नये, म्हणून आम्ही मूळ कारचाच दबणारा कॉलम ठेवला होता. आणखी एक गोष्ट पाहतात : गाडी चालती असताना वळवून स्टिअरिंग सैल सोडलं तर ते आपणहून सरळ व्हायला लागतं का?

७) आणि आता ती गोटी. परीक्षकांकडे १०० मिलिमीटर व्यासाचा एक गोळा असतो. गाडीच्या बाहेरच्या अंगाला हा गोळा जिथे जिथे टेकू शकतो, तिथली प्रत्येक कड किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. पाच मिलिमीटरपेक्षा कमी बाहेर आलेल्या भागाला थोडी सूट आहे, पण धार तिथेही चालत नाही. आत डॅशबोर्डसाठी वेगळा गोळा, १६५ मिलिमीटरचा. तो डोक्याच्या मापाचा. डोकं जिथे आपटू शकतं तिथे टोकदार काही नको.

निकाल : केटी!

बुवांनी मॅन्युअल पाठ केलेलं, मी बाहाचा अनुभवी. तरी नापास! चार विषयांत केटी.

पहिला, आवाज. १०१ डेसिबल. दोनच डेसिबल तर जास्त, असं मला वाटलं. पण हे माप लॉगरिदमिक आहे. तीन डेसिबल कमी करायचे म्हणजे ध्वनीची शक्ती निम्मी करायची. बुवांनी सायलेन्सर लांब करून आत आणखी एक बॅफल घातला, तेव्हा ९८ वर आला.

दुसरा, मागचा डावा इंडिकेटर. आतल्या ४५ अंशांतून पाहिलं तर आमच्याच केजचा एक पाइप आडवा येत होता. दिवा पाच सेंटिमीटर बाहेर घेतला, काम झालं. कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये तो पाइप आम्हाला रोज दिसत होता. दिव्याच्या जागी उभं राहून मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

तिसरा, स्टिअरिंग. परीक्षकांनी गाडी गोल फिरवली, हात सैल केला, आणि स्टिअरिंग तिथेच! हा दोष माझा होता. खडबडीत जमिनीवर स्टिअरिंग हलकं चालावं म्हणून मी कॅस्टर फक्त २ अंश ठेवला होता. कॅस्टर म्हणजे काय, ते सायकलकडे बघून कळतं. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो. त्याची रेघ खाली वाढवली तर ती चाक जिथे जमिनीला टेकतं त्याच्या पुढे जमिनीला लागते. त्या दोन बिंदूंतलं अंतर म्हणजे ट्रेल. चाक त्या बिंदूच्या मागे ओढलं जातं, म्हणून ते सरळ व्हायला बघतं.

आता गणित करू. चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटर. ट्रेल साधारण त्रिज्या गुणिले कॅस्टरचा टॅन. २ अंशांना टॅन ०.०३५, म्हणजे ट्रेल फक्त साडेदहा मिलिमीटर. ६ अंशांना टॅन ०.१०५, म्हणजे साडेएकतीस. तिप्पट! आमच्या वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमध्ये २०० मिलिमीटर अंतर होतं. २ चे ६ अंश करायला वरचा जॉइंट १४ मिलिमीटर मागे घ्यायचा होता. विशबोनच्या मुळाशी वॉशर इकडचे तिकडे केले, टो पुन्हा जुळवला, आणि रिकाम्या शेतात गाडी फिरवली. वळणातून बाहेर येताना हात सैल सोडला आणि स्टिअरिंग आपोआप सरळ होऊ लागलं. सेकंड इयरला हेच समीकरण मी दोनदा लिहून पूर्ण मार्क घेतले होते. ते हाताला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा लागलं.

चौथा विषय उरला. परीक्षकांनी गोळा पुढच्या चाकाजवळ नेला, खालच्या आर्मच्या टोकाला टेकवला, आणि खडूने एक फुली मारली. नटाच्या बाहेर आलेला बोल्ट. दोन इंच नाही, जेमतेम एक सेंटिमीटर. पण धार तीच, जागाही तीच. माझ्या पोटात एकदम गोळा आला. माझा चेहरा बघून बुवांना वाटलं, नापास झाल्याचं वाईट वाटलंय. म्हणाले, “अरे, टोपी घातली की झालं.”

संध्याकाळी ट्रेलरवर गाडी बांधताना मी त्यांना मेसच्या काकांची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे तो बोल्ट तू बसवला होतास?” म्हटलं, “बसवला दुसऱ्याने. कापायचा माझ्या यादीत होता.” त्यावर ते एवढंच म्हणाले, “उद्या सगळे बोल्ट तू बघ.”

दुसऱ्या दिवशी मी एकट्याने अख्खी गाडी तपासली. बुवांकडे तसा गोळा नव्हता, म्हणून लेथवर लाकडाचा एक बनवला. गाडीभर फिरवला आणि परीक्षकांच्या सात फुल्या होत्या तिथे मला एकवीस जागा सापडल्या. लांब बोल्ट कापले, टोकांना कानस मारली, नटांवर गोल टोप्या बसवल्या, पत्र्याच्या कडांना रबराची पट्टी पक्की चिकटवली. कानस मारताना वर्कशॉपच्या मामांची फार आठवण झाली. फर्स्ट इयरला फिटिंग जॉबमध्ये कडा मोडायला लावायचे तेव्हा आम्ही किती कुरकुर करायचो!

पास!

तीन आठवड्यांनी फेरतपासणीला गेलो. या वेळी परीक्षकांनी राहिलेले मुद्दे पाहिले, गोळा फिरवला, एकदा गाडी चालवली आणि सर्टिफिकेट दिलं. पुढचं काम नोंदणीचं. जुन्यानव्या भागांची मिळून बनलेली आणि वय सांगता येत नाही अशी गाडी असली की तिथे नंबर ‘क्यू’ अक्षराने सुरू होतो. बघणाऱ्याला लगेच कळतं की ही गाडी कुणीतरी बांधली आहे. बुवांना त्या क्यूचा कोण अभिमान! ब्रेड आणायला पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारी मी बसलो होतो. शाळेतून येणारी दोन पोरं कौतुकाने अगदी चाकाजवळ येऊन उभी राहिली. मी आधी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग बोल्टाकडे. टोपी जागेवर होती.

मग आपण काय करायचं?

बाहाची तांत्रिक तपासणी वाईट आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. ती तिच्या कामात पक्की आहे. पण तिचं मुख्य लक्ष आत बसलेल्या माणसाकडे असतं. केज मजबूत आहे का, पट्टा नीट आहे का, ड्रायव्हर पाच सेकंदांत बाहेर येतो का. ट्रॅकवर ते बरोबरच आहे, तिथे बाहेर कुणी नसतं. रस्त्यावर मात्र गाडीच्या आत एक माणूस असतो आणि बाहेर सगळं गाव. आयव्हीएचे ते चिल्लर वाटणारे नियम, अडीच मिलिमीटर, ऐंशी अंश, शंभर मिलिमीटर, ते बहुतेक या बाहेरच्यांसाठी आहेत. सायकलवाला, मागून येणारा, फुटपाथवरचं पोर. त्यांनी तुमच्या गाडीत बसायचं तिकीट काढलेलं नसतं आणि त्यांच्याभोवती रोल केजही नसतो.

आपल्याकडे बगी रस्त्यावर नेता येत नाही हे तर ठरलंच. पण शेडपासून टेस्टिंगच्या मैदानापर्यंत ती आपल्या कॅम्पसातूनच जाते. तिथे वॉचमन असतात, मेसचे लोक असतात, सबमिशनला धावणारी पोरं असतात. म्हणून नव्या टीमला चार गोष्टी सुचवतो. पैसे जवळजवळ लागत नाहीत.

एक, वुड टर्निंगवर १०० मिलिमीटरचा एक गोळा बनवा आणि शेडमध्ये टांगून ठेवा. गाडी बाहेर काढण्याआधी तो गाडीभर फिरवा. जिथे टेकेल तिथली धार गेली पाहिजे.

दोन, बोल्टांची यादी करा आणि प्रत्येकापुढे ‘कापला’ असा वेगळा रकाना ठेवा. ‘नंतर कापू’ हा रकाना ठेवू नका.

तीन, ही तपासणी ज्याने गाडी बांधली त्याने करू नये. आपली चूक आपल्याला दिसत नाही. सिव्हिलचा किंवा कॉम्प्युटरचा मित्र बोलवा. त्याला चहा पाजा.

चार, गाडी गेटच्या आतच राहू द्या. टपरीवर चालत जा.

मेसचे काका आता गावी असतात. मागच्या वेळी आलो होतो तेव्हा फोन केला. पायाचं विचारलं तर म्हणाले, “अरे, ते कधीच बरं झालं. तुमची गाडी शेवटी पास झाली का?” मी म्हटलं, “झाली काका. पण सात वर्षं लागली.” त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. म्हणाले, “मग बरं झालं. जेवायला ये एकदा.”

नव्या टीमला पिथमपूरसाठी मनापासून शुभेच्छा. आणि मामांनी कानस मारायला सांगितली, तर मारा रे बाबांनो!